कंडक्टर व्हायचंय? आधी पियानोवर बसू दे

ताई, नमस्कार.

तुमचा मुलगा अकरावीत आहे, ट्रिनिटीच्या परीक्षांमधली व्हायोलिनची सहावी ग्रेड झालीय आणि त्याला ऑर्केस्ट्रा-ऑपेराचा कंडक्टर व्हायचंय. बारावीनंतर कुठे पाठवावं आणि यात पोट भरतं का, असं तुम्ही विचारलंत.

पोटाचं आधी सांगते. नुसत्या कंडक्टिंगवर भारतात भागणं कठीण. इथला व्यावसायिक सिम्फनी ऑर्केस्ट्रा म्हणजे मुंबईच्या एनसीपीए या कलाकेंद्रातला, तोही २००६ चा, आणि तिथे बॅटन (कंडक्टरची छडी) बहुतेक वेळा परदेशी पाहुण्यांच्या हाती. मुंबईच्या झुबिन मेहतांना, एवढ्या नामवंत कंडक्टरलाही, १९५४ साली व्हिएन्नाच गाठावं लागलं. तिथे ते हान्स स्वारोव्हस्कींकडे कंडक्टिंग शिकले, सोबत डबल बासही.

हात हलवणं हा यातला सोपा भाग. खरी कसोटी स्कोअर, म्हणजे सगळ्या वाद्यांची एकत्र स्वरलिपी, वाचण्याची. पानावर एकाखाली एक पंधरा-वीस ओळी. व्हिओलाचा क्लेफ (कोणत्या रेघेवर कोणता स्वर, हे सांगणारी खूण) वेगळा. बी-फ्लॅट क्लॅरिनेटला सी हा स्वर लिहिलेला असला तरी ऐकू येतो बी-फ्लॅट. एफ हॉर्नला तोच सी लिहिला तर खालचा एफ वाजतो. हे सगळं मनातल्या मनात बदलून त्याच क्षणी पियानोवर वाजवून दाखवायचं! जर्मनी-ऑस्ट्रियातल्या प्रवेश परीक्षांत हेच तपासतात. व्हायोलिनवाली मुलं बहुधा इथेच अडतात.

ऑपेरात तर शिडीची पहिली पायरीच पियानो. गायकांची तालीम घेणारा रेपेटिटर म्हणून लागायचं, मग सहायक, मग एखाद्या संध्याकाळी स्वतः कंडक्ट करायला मिळतं. प्रसिद्ध कंडक्टर जॉर्ज सोल्टी बुडापेस्टच्या ऑपेरात याच वाटेने वर आले. जर्मनीत मध्यम शहरांतही सरकारी पैशावर चालणारी ऑपेरागृहं आहेत, म्हणून नोकऱ्याही तिथेच जास्त. तिथल्या बहुतेक सरकारी संगीत विद्यापीठांत शिकवणी शुल्क नाही. बाडेन-वुर्टेमबर्ग राज्यात मात्र युरोपीय संघाबाहेरच्यांना सत्राला १५०० युरो पडतात. राहण्या-खाण्याचा खर्च वेगळा, आणि जर्मन यायलाच हवं.

'इंजिनीअरिंग करता करता बघू' हा त्याच्या बाबांचा तोडगा मला पटत नाही. रोज तीन-चार तास रियाज त्यात बसत नाही. त्यापेक्षा मुंबईत बीए आणि चांगले पियानो शिक्षक, हे जास्त व्यवहार्य.

आयएमएसएलपी या साइटवर संगीतकार हायडनच्या स्ट्रिंग क्वार्टेटचे (चार तंतुवाद्यांच्या रचनांचे) स्कोअर फुकट मिळतात. त्यातल्या एकाच्या चारही ओळी वर्षभरात पियानोवर एकत्र वाजवता आल्या, तर मला लिहा. मग व्हिएन्ना की बर्लिन, ते बोलू.