पीएच ७.५ च्या ट्रिस बफरमध्ये (पीएच स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात) सुट्या हिस्टिडीन या अमिनो आम्लावर किती प्रभार असतो?

जवळजवळ शून्य. कार्बॉक्सिल गटाचा (पीकेए, म्हणजे ज्या पीएचला निम्मे प्रोटॉन सुटलेले असतात तो, १.८) प्रोटॉन केव्हाच गेलेला, म्हणजे −१. अमिनो गटाचा (९.२) ९८ टक्के शाबूत, म्हणजे +०.९८. खरी गंमत बाजूच्या साखळीतल्या इमिडाझोल कड्याची: पीकेए ६.०, पीएचशी फरक १.५, आणि १० चा १.५ वा घात सुमारे ३२. म्हणजे ३३ रेणूंमागे एकावरच प्रोटॉन, ३ टक्के, म्हणजे +०.०३. बेरीज +०.०१.

पण हे २५ अंशांचं गणित झालं. तापमान अंशाने वाढलं की ट्रिसचा पीएच साधारण ०.०३ ने उतरतो. पुण्यात मे महिन्यात एसी बंद पडलेल्या लॅबमध्ये, ३८ अंशांना, तेच बफर ७.१ च्या आसपास येतं. वर हिस्टिडीनचा पीकेएही सरकतो तो वेगळाच. म्हणून प्रयोग ज्या तापमानाला, पीएच त्याच तापमानाला लावा. चालत असेल तर सरळ फॉस्फेट बफर घ्या, ते तापमानाला फारशी दाद देत नाही.