वाचकांचे प्रश्न : सुरिकाटाचे नियम उतरतात, पण लागू का होत नाहीत?

प्रश्न : जिनिंगच्या ऑफिसात उबंटू सर्व्हरवर सुरिकाटा (नेटवर्कवरची संशयास्पद हालचाल नियमांनुसार पकडून इशारा देणारा प्रोग्रॅम) बसवलं. नियम उतरवणारं सुरिकाटा-अपडेट चालवलं की हजारो नियम उतरल्याचं दिसतं, पण सुरिकाटाच्या लॉगमध्ये नियमांची फाईलच सापडत नसल्याची सूचना येते. नको असलेल्या नियमांपुढे # लावून ते बंद केले, तर दुसऱ्या दिवशी परत सुरू. काय चुकतंय?
— एक वाचक, जळगाव

उत्तर : या दोन वेगळ्या चुका आहेत. पहिली पत्त्याची. सुरिकाटा-अपडेट सगळे नियम एकत्र करून /व्हार/लिब/सुरिकाटा/रूल्स या फोल्डरात सुरिकाटा.रूल्स नावाची एकच फाईल लिहितं. तुमच्या सुरिकाटा.यामल या सेटिंगच्या फाईलमध्ये डिफॉल्ट-रूल-पाथ, म्हणजे नियम शोधायचा पत्ता, बहुधा अजून /ईटीसी/सुरिकाटा/रूल्स असा असणार. तो बदलून वरचा /व्हार/लिब/सुरिकाटा/रूल्स करा आणि रूल-फाईल्सखाली सुरिकाटा.रूल्स एवढंच नाव ठेवा. मग 'सुरिकाटा -टी' (टी कॅपिटल) चालवून तपासा, त्यानंतरच सर्व्हिस रीस्टार्ट करा. त्याच यामलमध्ये एएफ-पॅकेट या भागाखाली (कोणत्या नेटवर्क कार्डावर नजर ठेवायची ते इथे लिहितात) इंटरफेस ईटीएच० असेल आणि तुमच्या कार्डाचं नाव वेगळं असेल, तर तेही आत्ताच बदला.

नियम लागू झाले का, हे बघायला सर्व्हरवरून कर्ल या कमांडने टेस्टमायनिड्स.ऑर्ग/यूआयडी/इंडेक्स.एचटीएमएल हे पान मागवा. सुरिकाटाचे अलर्ट जिथे लिहिले जातात त्या फास्ट.लॉगमध्ये 2100498 या क्रमांकाचा अलर्ट दिसला पाहिजे. पत्ता साध्या एचटीटीपीनेच द्या. एचटीटीपीएसने मागवलं तर मजकूर कूटबद्ध होऊन येतो, नियमाला आतलं काही दिसत नाही, आणि सगळं नीट असूनही तुम्ही विनाकारण शोधत बसाल.

दुसरी चूक जास्त महत्त्वाची. सुरिकाटा.रूल्स या फाईलला हात लावायचाच नाही, कारण प्रत्येक अपडेटला ती नव्याने लिहिली जाते. तुमचा निर्णय /ईटीसी/सुरिकाटा/डिसेबल.कॉन्फमध्ये लिहा : एका ओळीवर एक एसआयडी, म्हणजे नियमाचा क्रमांक. गटच्या गट बंद करायचा तर 'ग्रुप:' लिहून पुढे त्या नियम-फाईलचं नाव. मात्र बंद करण्याआधी थोडं थांबा. 2013504 हा नियम उबंटूचं एपीटी (सॉफ्टवेअर उतरवणारं साधन) पॅकेजं आणायला गेलं की वाजतो. तुमच्या सर्व्हरपुरता तो निव्वळ गोंगाट आहे, पण बिलिंगच्या विंडोज पीसीवरून तोच वाजला तर बघायलाच हवं. म्हणून अख्खा नियम न मारता थ्रेशोल्ड.कॉन्फिगमध्ये सप्रेसची (अलर्ट दाबण्याची) ओळ घालून, ट्रॅक बाय_एसआरसी (पाठवणाऱ्याच्या पत्त्यावरून) लावून, फक्त सर्व्हरचा आयपी वगळा.

बंद केलेला एखादा नियम तरीही सुरू दिसला, तर अपडेटच्या आउटपुटमध्ये फ्लोबिटचा (एका नियमाने दुसऱ्यासाठी ठेवलेल्या खुणेचा) उल्लेख शोधा. दुसरा चालू नियम त्याच्यावर अवलंबून असला, तर सुरिकाटा-अपडेट तो स्वतःहून चालू करतं. स्वतःचे नियम वेगळ्या फाईलीत ठेवून सुरिकाटा-अपडेटच्या सेटिंगच्या फाईलमध्ये, म्हणजे अपडेट.यामलच्या 'लोकल'खाली तिचा पत्ता द्या. एसआयडी 1000000 ते 1999999 मधलेच घ्या, म्हणजे उतरवलेल्या नियमांशी टक्कर होत नाही.

प्रश्न : रात्री 2 ला अपडेट आपोआप चालावं म्हणून क्रॉन (ठरल्या वेळी कमांड चालवणारी सोय) लावलाय. फाईलची तारीख बदलते, अलर्ट मात्र जुन्याच नियमांचे. भारनियमनात सर्व्हर बंद राहिला, तर त्या दिवशीचं अपडेटही बुडतं.
— एक वाचक, शिरपूर

उत्तर : फाईल बदलली तरी चालू असलेल्या सुरिकाटाच्या मेमरीत जुनेच नियम राहतात. अपडेटनंतर 'सुरिकाटाएससी -सी रीलोड-रूल्स' चालवा, किंवा हीच कमांड अपडेट.यामलमध्ये रीलोड-कमांडपुढे लिहा. रीलोड होताना जुने आणि नवे नियम थोडा वेळ एकत्र मेमरीत असतात, त्यामुळे रॅम काठोकाठ भरलेली असेल तर प्रोसेस मारली जाते. तशा मशीनवर आधी नको ते गट कमी करा.

क्रॉन चुकलेली वेळ भरून काढत नाही. त्याऐवजी सिस्टमडी (उबंटूमध्ये सर्व्हिस चालवणारी यंत्रणा) टायमर करा. ऑनकॅलेंडरमध्ये वेळ आणि त्याखाली पर्सिस्टंट=ट्रू लिहा. वीज आल्यावर सर्व्हर सुरू झाला की राहिलेलं अपडेट टायमर लगेच चालवतो. फक्त त्या क्षणी ब्रॉडबँडचा राउटर अजून उठलेला नसतो, तेव्हा सर्व्हिस फाईलमध्ये 'एक्झेकस्टार्टप्री=/बिन/स्लीप 60' घाला. राउटरला जास्त वेळ लागत असेल तर आकडा वाढवा, पण ९० सेकंदांच्या पुढे जायचं आणि सर्व्हिसचा टाइप वनशॉट नसेल, तर टाइमआउटस्टार्टसेकही (सुरू व्हायला दिलेली कमाल वेळ) वाढवावं लागेल.