दाढ काढली, तरी कळ थांबेना

प्रश्न : मी ४४ वर्षांची असून कोल्हापुरात राजारामपुरीत राहते. नऊ वर्षांपासून मला मल्टिपल स्क्लेरोसिस हा मज्जासंस्थेचा आजार आहे. गेल्या पावसाळ्यापासून उजव्या जबड्यात वीज चमकावी तशी कळ येते. भाकरीचा घास चावला किंवा रंकाळ्यावरचा गार वारा गालाला लागला, तरी जीव कासावीस होतो. दाढ काढूनही फरक पडला नाही. आता कार्बामॅझेपिनच्या गोळीने कळ कमी झाली आहे, पण चालताना तोल जातो. मूळ आजार उलटला असे समजावे काय?

उत्तर : ताई, तुमची दाढ विनाकारण गेली, याचे मला फार वाईट वाटते. चेहऱ्याची संवेदना मेंदूकडे नेणाऱ्या ट्रायजेमिनल मज्जातंतूच्या तीन शाखांपैकी खालच्या दोन शाखांत ही कळ बहुधा उठते, त्यामुळे ती दाढेचीच वाटते. तुमच्या आजारात मज्जातंतूंवरील मायलिनचे आवरण झिजते, आणि हा मज्जातंतू मेंदूच्या खोडात शिरतो तेथेच ते झिजले, तर साधा स्पर्शही कळ होऊन पोहोचतो. म्हणून यापुढे मज्जाविकारतज्ज्ञांना विचारल्याशिवाय एकही दात काढू देऊ नका.

आता तोलाविषयी. कार्बामॅझेपिनने गरगरणे, झोप येणे, पाय अडखळणे हे होऊ शकते आणि मल्टिपल स्क्लेरोसिसच्या रुग्णांना ते अधिक जाणवते. गोळी कधी घेतली आणि तोल कधी गेला, हे आठवडाभर वहीत लिहा. गोळीनंतर त्रास वाढून पुढच्या गोळीपर्यंत ओसरत असेल, तर संशय औषधावर घ्यावा. गोळीच्या वेळेशी संबंध नसलेली नवी तक्रार २४ तासांहून अधिक टिकली, तर मात्र मूळ आजार उलटलेला असू शकतो, म्हणून डॉक्टरांना त्वरित कळवावे. रक्तातील सोडियमही तपासून घ्या, कारण या औषधाने ते उतरू शकते. अंगावर पुरळ, ताप किंवा तोंडात फोड आले, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. एरवी गोळी मनाने एकदम बंद करू नका. मात्रा कमी करून बॅक्लोफेन, गॅबापेंटिन किंवा लॅमोट्रिजिनची जोड देता येते.

औषधे पुरली नाहीत, तर गालातून सुई घालून मज्जातंतूच्या मुळाशी करायचे उपचार किंवा गॅमा नाइफ (मज्जातंतूच्या मुळावर किरणांचा नेमका मारा) हे मार्ग आहेत. मज्जातंतूवर पडणारा रक्तवाहिनीचा दाब काढण्याच्या शस्त्रक्रियेचा उपयोग मात्र तुमच्या आजारात तुलनेने कमी होतो.

तोवर भाकरी आमटीत कुस्करून खावी, चूळ कोमट पाण्याने भरावी आणि गाडीवर बसताना गालावरून ओढणी घ्यावी. बोलण्यानेही कळ उठते, तेव्हा ती आली असताना “काय होतंय?” असे घरच्यांनी पुनःपुन्हा विचारू नये, तुम्ही हात वर केला की गप्प राहायचे, एवढे त्यांच्याशी आधीच ठरवून ठेवा.