'पराग' म्हणजे 'बीजाणू' नव्हे

प्रश्न असा आहे: डायनासोर संपले त्या काळच्या खडकांबद्दल वाचताना 'परागकण आणि बीजाणू' ही जोडी सारखी भेटते. दोन्ही सूक्ष्म कणच, मग नुसतं 'पराग' म्हटलं तर काय बिघडलं?

बरंच बिघडतं. अमरकोशात 'परागः सुमनोरजः' असं आहे, म्हणजे फुलातली धूळ. पाइनसारख्या बिनफुलांच्या झाडांनाही आपण हा शब्द लावतो. तेवढं ताणणं चालतं, कारण तिथेही त्या कणामुळेच बी धरते. नेच्याला (फर्नला) मात्र फूलही नाही आणि बीही नाही. त्याच्या पानामागच्या तपकिरी ठिपक्यांतून भुरभुरतात ते बीजाणू, आणि ओल मिळाली की एकटा कणही रुजतो. नावात 'बीज' असलं तरी ते बारीक बी नव्हे.

आता 6.6 कोटी वर्षांपूर्वीची, खडकांतली डायनासोर संपल्याची ती सीमा पाहा. न्यू मेक्सिकोतल्या रॅटन खोऱ्यात इरिडियमच्या थराच्या (अशनी आदळल्याची खूण असलेल्या, या धातूच्या पातळ थराच्या) लगेच वर फुलझाडांचे परागकण एकदम रोडावतात आणि नेच्यांचे बीजाणू दर 100 कणांत 70च्याही वर जातात. उजाड जमिनीवर आधी नेचे पसरले, हे आपल्याला यावरूनच कळतं. सगळ्यालाच 'पराग' म्हटलं, तर नेच्यांची ही उसळी वाक्यातून पुसलीच जाते.

सूक्ष्मदर्शकाखाली फरक डोळ्यांना दिसतो. बीजाणू चार-चारच्या जुडग्यात तयार होतात. ते सुटे झाले, की जिथे एकमेकांना टेकलेले होते तिथे अनेकांवर तीन रेघांची खूण राहते. कोट्यवधी वर्षांनीही ती स्पष्ट असते! पाइनच्या परागकणाला दोन बाजूंना हवेच्या दोन पिशव्या असतात.

'बीजाणू' एकटा लिहितानाही जपावं, कारण बुरशीचेही बीजाणूच. न्यूझीलंडमधल्या मूडी क्रीक इथे याच सीमेवर आधी बुरशी माजलेली दिसते, नेचे नंतर. म्हणून 'नेच्यांचे', 'बुरशीचे' हे विशेषण गाळू नये.

या दोन्ही कणांच्या अभ्यासाच्या शास्त्राला, म्हणजे पॅलिनॉलॉजीला, 'परागविज्ञान' म्हणायला माझी हरकत नाही. ते इंग्रजी नाव 1944 साली ज्या ग्रीक शब्दावरून घडवलं, त्याचा अर्थ भुरभुरणं. आणि संस्कृतात 'पराग' म्हणजे नुसती धूळही होते.

लिहिताना 'बीजाणू', 'बीजाणूंचा' दीर्घ. समासात मात्र ऱ्हस्व, 'बीजाणुधानी' (बीजाणू तयार होतात ती पिशवी).