खबर देणाऱ्या सेविकेला सावरायचं कसं?

ताई, तुम्ही आटपाडीकडे अंगणवाडी पर्यवेक्षिका म्हणून नव्यानेच रुजू झालात. तुमच्या बीटमधल्या, म्हणजे तुमच्याकडे दिलेल्या अंगणवाड्यांच्या गटातल्या, एका सेविकेने बालविवाहाची खबर दिली, लग्न थांबलं, आणि तेव्हापासून ती गप्प असते, सारखी रजा मागते. तिला समुपदेशनाच्या प्रशिक्षणाला पाठवू का, असं तुम्ही विचारलंय. प्रशिक्षण नंतर बघा. आधी तिच्या अंगणवाडीत जा.

मी जत तालुक्यात बीट सांभाळत असताना असंच घडलं होतं. लग्न थांबलं त्याच्या दुसऱ्या दिवशी पटावरच्या बावीसपैकी चारच पोरं आली. खिचडीचं पातेलं भरलेलं, मदतनीस उंबऱ्यात बसून. आयांनी पोरं घरीच ठेवली होती. मी चौथ्या दिवशी पोचले आणि गेल्या गेल्या वजनाचं रजिस्टर मागितलं. बाईंनी ते पुढ्यात ठेवलं, बोलल्या काहीच नाहीत. ते आजही मला डाचतं.

आपण संध्याकाळच्या एसटीने परत येतो. तिला त्याच गल्लीत राहायचं असतं, त्याच नळावर पाणी भरायचं असतं. ज्यांचं लग्न मोडलं ते तिचे भावकीतले, नाहीतर शेताच्या बांधाला बांध लागलेले. म्हणून पहिली गोष्ट, तिचं नाव कुणाच्या तोंडी येऊ देऊ नका, सभेत कौतुक करायलासुद्धा नाही. 2006 च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याखाली गावात बालविवाह प्रतिबंधक अधिकारी ग्रामसेवक (आता त्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात) असतात. नोटीस, जबाब, घरच्यांना समज देणं ही कामं त्यांनीच पुढे होऊन करावीत, असा आग्रह तुम्ही धरा. 1098 या मुलांसाठीच्या हेल्पलाइनवर फोन करणाऱ्याचं नाव गुप्त राहतं, हेही तिला परत एकदा सांगा.

लैंगिक अत्याचाराचा संशय असेल तर मात्र कळवायचं की नाही हा प्रश्नच उरत नाही. पॉक्सोनुसार, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्यानुसार, न कळवणं हाच गुन्हा आहे. पण पोलीस ठाण्यात ती एकटी जाता कामा नये. तुम्ही सोबत जा. आणि लेकराला पुन्हा पुन्हा खोदून विचारायचं नाही, हे तिला आधीच समजावून ठेवा.

मासिक सभेत पोषण ट्रॅकर या अंगणवाडीच्या ॲपमधल्या नोंदी झाल्या की अर्धा तास राखून ठेवा. नावं न घेता एकच अवघड गृहभेट चर्चेला घ्या. जुन्या सेविका तिथे जे सांगतात ते कुठल्याही प्रशिक्षणात मिळत नाही. नवीन सेविकेची पहिली गृहभेट तर जुनीसोबतच होऊ द्या.

आणखी एक, याकडे सगळ्यांचंच दुर्लक्ष होतं. लग्न थांबलं की मुलगी बालकल्याण समितीसमोर, म्हणजे अशा मुलांच्या संरक्षणाचे निर्णय घेणाऱ्या समितीसमोर जाते, मग पुढे काय झालं हे सेविकेला कुणी कळवतच नाही. जतच्या त्या बाई सावरल्या त्या मी जाऊन “पोरगी दहावीला बसली” एवढं सांगितल्यावर. मुलीची गोपनीय माहिती सांगायची नाही, पण ती सुखरूप आहे, शिकतेय, एवढं तरी सेविकेपर्यंत पोचवा.

उद्या सकाळी पोरं यायच्या आत पोचा. भेटवहीत शेरा लिहू नका, रजिस्टर मागू नका. तिच्यासोबत पोरांना बोलवायला दारोदार फिरा, आणि त्या घरासमोरूनही जा.