स्क्रॅबस्टरच्या धक्क्यावर नव्या गाडीचा ताबा घेऊ नका

तुम्ही नोकरीनिमित्त स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या ऑर्क्नी बेटांवर, कर्कवॉल गावी आला आहात. मुख्य भूमीवरच्या इनव्हर्नेस शहरातल्या डीलरकडे इलेक्ट्रिक गाडी बुक केली आहे, ती डिसेंबरात मिळणार. डीलर म्हणतोय, "स्क्रॅबस्टरला आणून देतो, पुढे बोटीने तुम्ही न्या." स्क्रॅबस्टर म्हणजे मुख्य भूमीच्या उत्तर किनाऱ्यावरचं बंदर, जिथून ऑर्क्नीची बोट सुटते. हे चालेल का, असं तुम्ही विचारलंय. माझं स्पष्ट मत: नको. एक तर इनव्हर्नेसला जाऊन दिवसाउजेडी ताबा घ्या, नाहीतर गाडी कर्कवॉलच्या दारात आणून द्यायला लावा. मधला मार्ग डीलरच्या सोयीचा आहे, तुमच्या नाही.

डिसेंबरच्या शेवटी इथे सूर्य नऊनंतर उगवतो आणि सव्वातीनच्या सुमारास मावळतो. संध्याकाळच्या बोटीआधी धक्क्यावर अंधार, वारा, बहुधा पाऊसही. गाड्यांचं चेक-इन बोट सुटण्याच्या बरंच आधी बंद होतं. अशा घाईत रंगावरचा ओरखडा किंवा रिमवरची खरचट दिसणार कशी? पण सही तर झालेली असते.

दुसरं कारण कायद्याचं, आणि ते जास्त महत्त्वाचं. ब्रिटनच्या 2015 च्या ग्राहक हक्क कायद्यानुसार वस्तू प्रत्यक्ष तुमच्या ताब्यात येईपर्यंत तिची जोखीम विक्रेत्याची असते. डीलरने घरपोच पाठवली तर बोटीवर झालेलं नुकसान त्याने निस्तरायचं. वाहतूकदार तुम्ही स्वतःहून ठरवलात, तर गाडी त्याच्या हवाली झाली की जोखीम तुमच्यावर येते. स्क्रॅबस्टरला सही केलीत तर समुद्राचा सगळा टप्पा तुमच्या माथी. गाडी सदोष निघाली तर ती नाकारून पूर्ण पैसे परत मागायला 30 दिवस मिळतात. त्या मुदतीत डीलरला लेखी कळवणं महत्त्वाचं. तसं कळवलंत तर वादळाने बोटी रद्द झाल्या म्हणून हक्क जात नाही. म्हणून फोनवर न बोलता ईमेल करा.

स्वतः आणायला गेलात तर इनव्हर्नेस ते स्क्रॅबस्टर ए9 महामार्गाने सुमारे 180 किमी. आकडा छोटा वाटतो, पण थंडीत हीटर चालू ठेवून रेंज पाव हिस्सा सहज घटते, समोरून वारा असला तर आणखी, आणि वाटेत बेरीडेलचा खडा चढ आहे. त्यामुळे बॅटरी पूर्ण भरलेली हवी, हे आदल्या दिवशी डीलरला बजावून सांगा. थर्सो गावात पुन्हा चार्ज करता येतं आणि तिथून बंदर अगदी जवळ आहे, तेव्हा बोट रद्द झाली तर मुक्कामही थर्सोलाच करा.

शोरूम सोडण्याआधी, जे काम फक्त डीलरच करू शकतो ते सगळं तिथेच उरकून घ्या. पुण्यात काही राहिलं तर दुसऱ्या दिवशी चक्कर मारता येते. इथे मध्ये पेंटलंड फर्थची सामुद्रधुनी आहे. सॉफ्टवेअर अद्ययावत आहे का, अ‍ॅप तुमच्या नावावर जोडलं गेलं का, दोन्ही चाव्या चालतात का, चाकांच्या लॉकनटची किल्ली आणि चार्जिंगची केबल डिकीत आहे का, हे पाहा. एकदा जलद चार्जरला आणि एकदा साध्या चार्जरला जोडून दोन्ही चालतात हे स्वतःच्या डोळ्यांनी बघा. यात कंटाळा करू नका. हार, पेढे, नारळ सगळं घरी निवांत करा.

बोटीवर एकच लक्षात ठेवा: गाडी कलली की अलार्म वाजवणारा सेन्सर बंद करायचा. जहाज डोललं की तो वाजत राहतो, आणि प्रवासात गाड्यांच्या डेकवर जाता येत नाही. सेन्सर कसा बंद करायचा हे डीलरकडेच शिकून घ्या.

घरचा 7 किलोवॅटचा चार्जर गाडीआधी बसला तर उत्तम, पण त्यासाठी गाडी अडवून ठेवू नका. भिंतीतल्या साध्या प्लगवरून रात्रीत साधारण 20 युनिट भरतात, आणि कर्कवॉल ते स्ट्रॉमनेस, म्हणजे स्क्रॅबस्टरची बोट लागते ते गाव, जेमतेम 24 किमी. बेटावर रेंजची काळजी उरत नाही. ऑर्क्नी 2013 पासून वर्षाला स्वतःच्या वापरापेक्षा जास्त वीज बनवते, त्यात मोठा वाटा वाऱ्याचा. इथे इलेक्ट्रिक गाडी घेणं मला मनापासून पटतं. काळजी खाऱ्या पाण्याची आहे. साउथ रोनाल्डसे बेटाकडे जाताना चर्चिल बॅरियर्सवर, म्हणजे बेटं जोडणाऱ्या समुद्रातल्या बांधांवर, वादळात लाटा रस्त्यावरून पलीकडे जातात. तेव्हा जाऊच नका, आणि एरवीही महिन्यातून एकदा गाडी खालून गोड्या पाण्याने धुवा.

डीलरकडून दोन उत्तरं लेखी घ्या. वॉरंटीचं किंवा रिकॉलचं काम बेटावरच्या एखाद्या गॅरेजला करता येईल का, आणि नसेल तर बोटीचं भाडं कोण देणार? गाडी बंद पडली तर रस्त्यावरची मदत ऑर्क्नीत मिळते का, की फक्त मुख्य भूमीवर? विमाही ताब्याच्या क्षणापासून लागू हवा, घरी पोहोचल्यापासून नाही.

आज मात्र आधी ऑर्डर फॉर्म काढा आणि ताबा देण्याचं ठिकाण काय लिहिलंय ते बघा. स्क्रॅबस्टर असेल तर गाडीची नोंदणी होण्याआधीच ते बदलून घ्या.