आत्मा विकून फिडल मिळवलेलं कॅरेक्टर: आधी तो किती वाईट वाजवायचा ते ठरवा

तुमचा प्रश्न असा की डन्जन्स अँड ड्रॅगन्सचं (फासे टाकून, बोलून खेळायचा गोष्टीचा खेळ) कॅम्पेन, म्हणजे अनेक बैठकांची सलग गोष्ट, तिसऱ्या लेव्हलपासून सुरू होतंय, सैतानाला आत्मा देऊन फिडल (व्हायोलिन) मिळवलेला माणूस खेळायचाय, तर बार्ड (संगीतातून जादू करणारा) घ्यावा, वॉरलॉक (कुणाशी तरी सौदा करून जादू मिळवलेला) घ्यावा की दोन्ही, आणि त्या सौद्याच्या रात्रीवर दोन पानं लिहिलीयत ती कशी वाटतात. पानं चांगली उतरलीयत, खरंच. पण दहाएक वर्षं डीएम, म्हणजे गोष्ट सांगत खेळ चालवणारा, म्हणून टेबल चालवतोय त्यावरून सांगतो, ती रात्र कुणीच खेळत नाही, ती होऊन गेलेली असते. खेळताना कामाला येतं ते तिच्या आधीचं, म्हणजे हा माणूस आधी किती वाईट वाजवायचा आणि ते कुणाकुणाच्या कानावर पडलंय.

ज्याच्यामुळे ही कल्पना जगभर गेली त्या रॉबर्ट जॉन्सनचंच बघा. अमेरिकेतल्या मिसिसिपीचा ब्लूज गिटारवाला, चौकात सैतानाला आत्मा विकून कला मिळवली अशी त्याची दंतकथा, जन्म १९११, गेला १९३८ मध्ये, मागे रेकॉर्ड केलेली फक्त २९ गाणी. सन हाउस हा त्याच्या आधीच्या पिढीतला वादक सांगायचा की हा पोरगा आम्ही मध्ये थांबलो की गिटार उचलून असा काही गोंगाट करायचा की लोक वैतागायचे, मग तो गायब झाला, आणि परत आला तेव्हा असं वाजवलं की आम्ही बघतच राहिलो. त्या दंतकथेचा सगळा जीव इथे आहे, दोन्ही वेळा ऐकणारा एक जाणकार माणूस होता म्हणून. चौकातला सैतान तर आधी दुसऱ्याच्याच गोष्टीत होता, टॉमी जॉन्सन या दुसऱ्या ब्लूजवाल्याच्या, आडनाव एक पण नातं काही नाही. त्याचा भाऊ सांगायचा की रात्री बाराच्या जरा आधी चौकात जायचं, एक मोठा काळा माणूस येतो, तुमची गिटार घेतो, सुरात लावतो, एक गाणं वाजवतो आणि परत देतो. एवढंच. रक्ताने सही नाही, गंधकाचा धूर नाही.

ते सुरात लावणं मला फार आवडतं, तुम्ही तेच उचला. तुमच्या माणसाचं फिडल सुरातून कधीच उतरत नाही. पावसात भिजून आला, रात्रभर घोड्यावर होता, तरी सराईमध्ये बसला की थेट गज लावतो. बाकीच्यांना काही कळणार नाही, पण कोपऱ्यातल्या म्हाताऱ्या वादकाच्या लक्षात येईल की याने खुंट्यांना हातच लावला नाही. आणि तो उठून येऊन पहिला प्रश्न विचारेल तो आपल्याकडेही कुठल्याही मैफलीत विचारतात तोच, शिकलात कुणाकडे? याचं तयार खोटं उत्तर कॅरेक्टरकडे हवं, आणि डिसेप्शन (थाप मारण्याचं कौशल्य) वॉरलॉकच्या स्किल लिस्टमध्ये आहेच.

आता क्लास, म्हणजे बार्ड, वॉरलॉक असा कॅरेक्टरचा प्रकार. मी २०१४ च्या नियमांवर बोलतोय, २०२४ च्या पुस्तकात पेट्रन (ज्याच्याशी सौदा झाला तो) तिसऱ्या लेव्हलला ठरतो, बाकी विचार तोच. माझं मत विचाराल तर सुरुवातीला बार्ड घेऊच नका. बार्ड म्हणजे शिकलेला माणूस. ज्याला आयतं मिळालंय तो वॉरलॉक, फीन्ड (सैतानी) पेट्रन, आणि बॅकग्राउंड, म्हणजे आधीचं आयुष्य, एंटरटेनरचं, कारण परफॉर्मन्स (कला सादर करण्याचं कौशल्य) वॉरलॉकच्या लिस्टमध्ये नाहीये, ते आणि एक वाद्य बॅकग्राउंडमधून येतं. फिडल आर्केन फोकस (जादू करताना हातात धरायची वस्तू) म्हणून चालेल का ते डीएमला आधीच विचारून ठेवा, मी तरी नाही म्हणणार नाही. तिसऱ्या लेव्हलला पॅक्ट ऑफ द टोम (सौद्यातून जादूचं पुस्तक) घेतलात तर तीन कॅन्ट्रिप, म्हणजे हव्या तितक्या वेळा वापरता येणाऱ्या छोट्या जादू, कुठल्याही क्लासच्या मिळतात, त्यात व्हिशस मॉकरी (टोमणे मारून इजा करणारी बार्डची जादू) घेता येते. पण मला विचाराल तर पॅक्ट ऑफ द चेन (सौद्यातून साथीदार प्राणी) घ्या, इम्प, म्हणजे छोटा सैतान, मागा. इम्पला अदृश्य होता येतं, कावळा पण होता येतं. तुम्ही वाजवताय आणि वर तुळईवर एक कावळा बसून शेवटपर्यंत ऐकतोय, हिशोब ठेवणारा माणूस सावकाराने पाठवलाय असं.

किंमतीचं मात्र नीट बसून ठरवा. मेल्यावर आत्मा जाणार ही किंमत टेबलावर कुणाला लागत नाही, कॅरेक्टर मरायच्या आधी बहुतेक वेळा कॅम्पेनच संपतं. दर सेशनला टोचेल असं काहीतरी हवं. माझ्या ग्रुपमधल्या एकाने ठरवलं होतं की याला ऐकलेलं सगळं वाजवता येतं पण स्वतःची एक ओळसुद्धा सुचत नाही. कॅरेक्टर हाफलिंग (बुटक्या जमातीतला) होता. तर सातव्या-आठव्या सेशनला पार्टी (सगळ्यांच्या कॅरेक्टरची टोळी) त्याच्या गावी गेली, आणि मी डीएम म्हणून त्याच्या आईला म्हणायला लावलं, ते लहानपणी वाजवायचास ना, सारखं चुकायचास, ते वाजव की. त्याने फासा टाकला, एकूण २४ आले, म्हणजे वाजवणं उत्तमच झालं. मी म्हणालो, आई शेवटपर्यंत ऐकते, मग म्हणते, छान आहे हो, पण ते नाही हे, तू तिसऱ्या ओळीला अडकायचास आणि मग आपण दोघं हसायचो. कुणीच काही बोललं नाही, तो पोरगा हातातला फासा तसाच धरून बसला होता. त्या प्रसंगाची तयारी म्हणून माझ्या वहीत एकच ओळ होती, ती त्यानेच पहिल्या दिवशी लिहून दिलेली: आईला माझं चुकणं पाठ आहे.

बार्ड घ्यायचा तो अशा जागी घ्या. करिश्मा (छाप पाडण्याचा गुण) १३ लागतो तो तुमच्याकडे असणारच, दोन्ही क्लास करिश्म्यावरच चालतात त्यामुळे नंतर मल्टिक्लास, म्हणजे एका क्लासला दुसरा जोडणं, केलं तरी फार काही बिघडत नाही, हाय लेव्हलचे स्पेल उशिरा मिळतील तेवढं सोसावं लागतं. आमच्या हाफलिंगने पुढची लेव्हल बार्डची घेतली आणि म्हणाला, आता मी रोज सकाळी एक तास दुसऱ्या, साध्या फिडलवर बसणार, बेसूर. रॉबर्ट जॉन्सनच्या बाबतीतही खरी हकिगत हीच आहे बरं का, तो मधल्या काळात आइक झिमरमन नावाच्या गिटारवाल्याकडे शिकत होता, आणि दोघं रात्री कबरस्तानात जाऊन रियाज करायचे, कुणाला त्रास नको म्हणून.

तर ती दोन पानं कमी करून अर्ध्यावर आणा, आणि उरलेल्या जागेत तीन माणसं लिहा ज्यांनी त्याला आधी वाजवताना ऐकलंय. एक प्रेमाचं, एक त्याला हसलेलं, आणि एक गाण्यातलं जाणकार. नावं, गावं, ते आत्ता कुठे असतात, सगळं. आणि तो कागद पहिल्या सेशनच्या आधी डीएमच्या हातात द्या.